पान उघडत होतं

मर्व्ह पास्कोला आगीचा वास त्याच्या कुत्रीच्याही आधी येतो, असं कॅलन्स क्रीकमधली माणसं म्हणायची. त्यात निम्मी थट्टा होती आणि निम्मं खरं होतं. बायको गेल्यापासून दरीच्या पार टोकाच्या घरात तो एकटाच राहायचा. वय चौऱ्याहत्तर, एक खुबा लोखंडाचा, भोवती चाळीस एकर निलगिरीचं रान, पावसाच्या पाण्याच्या दोन टाक्या, एक पंप, आणि मॅडम नावाची म्हातारी कुत्री. उत्तरेचा वारा सुटला की म्हातारा नाक वर करून व्हरांड्यात उभा राहायचा. वास आला की मॅडमला गाडीत टाकायचं, चाळीस किलोमीटर गाडी हाणायची आणि बेर्न्सडेलला लेकीच्या, रोवेनाच्या दारात येऊन हॉर्न वाजवत बसायचं, हा त्याचा उन्हाळ्याचा ठरलेला कार्यक्रम.

एका उन्हाळ्यात असा तो तीनदा निघाला. दोनदा काहीच झालं नाही. आग भलतीकडेच होती, आणि रोवेनाच्या ऑफिसातली माणसं "आला गं तुझा भोंगा" म्हणून हसली. तिसऱ्यांदा रस्त्यावर धूर इतका की पुढचं काही दिसेना, आणि म्हातारा लाकडाच्या उभ्या ट्रकवर जाऊन आदळला. गळपट्टीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. आगीनं नाही, पण आगीला भिऊन मरायची वेळ आली होती.

दवाखान्यात रोवेना त्याच्यावर अशी काही भडकली की नर्स दार लोटून निघून गेली.

"नाकावर गाडी चालवतोस का रे तू, डॅड? नाक म्हणजे काय यंत्र आहे?"

"पन्नास वर्षं चाललंय की ते नाक."

"चाललंय! दिसतंय ना कसं चाललंय ते. हे बघ, मी इतकी राबून ते पान बनवलं ते कोणासाठी? नियंत्रण कक्षात माणसं बसलेली असतात. त्यांना विमानातून दिसतं, वाऱ्याचे आकडे कळतात. ती ठरवतात. पान पिवळं असेल तर घरी थांबायचं. लाल झालं की त्या क्षणी निघायचं, चहाचा कपसुद्धा विसळायचा नाही. मध्ये नाक घालायचं नाही. शब्द दे मला."

म्हाताऱ्यानं छताकडे बघितलं. मग म्हणाला, "दिला."

मर्व्ह खडूस होता, हट्टी होता, लेकीच्या स्वयंपाकाला तोंडावर नावं ठेवायचा. पण शब्दाचा पक्का होता. आणि तिथंच घात झाला.

ते पान म्हणजे आसपासच्या तीन नगर परिषदांच्या वेबसाइटचं पान. नकाशावर आपलं गाव बघायचं. पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब निघा. रंग अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष ठरवायचा. तो लोकांपर्यंत पोचवायचं काम रोवेनाच्या कंपनीचं. कंपनी म्हणजे तरी काय, मेन स्ट्रीटवर बेकरीच्या वरच्या मजल्यावर बसणारी नऊ माणसं. हेलेना वूकोविच मालकीण, आणि रोवेना सगळ्यात जुनी अभियंता.

आधीचं पान एकदा पडलं होतं, ऐन आगीच्या दिवशी. पडलं म्हणजे उघडेचना. एरवी दिवसाला दोनशे माणसं बघायची, त्या दिवशी तासात दोन लाख आली आणि सर्व्हरनं मान टाकली. लोक आपले पांढऱ्या पानाकडे बघत बसलेले. सुदैवानं कोणी गेलं नाही, पण वर्तमानपत्रांनी हेलेनाची जी काही सालटी काढली त्याला तोड नाही. त्यानंतर सात महिने खपून रोवेनानं सगळं नव्यानं बांधलं.

तिनं काय केलं ते साध्या भाषेत सांगतो. स्वयंपाकघरात रांधणारी एक आणि पंक्तीत वाढणारे चाळीस, अशी रचना. रांधणारी म्हणजे मागचा मूळ सर्व्हर. नियंत्रण कक्षाकडून रंग घेऊन तो पान तयार करतो. वाढणारे म्हणजे सिडनी-मेलबर्नपासून पसरलेले पुढचे सर्व्हर. ते दर अर्ध्या मिनिटाला पानाची ताजी प्रत मागून नेतात आणि लोकांना दाखवतात. कितीही लोक येऊ देत, वाढणारे वाढवत न्यायचे. आणि समजा मागची रांधणारी चक्कर येऊन पडली, तर? तर वाढणाऱ्यांनी ओरडा करायचा नाही, शेवटची चांगली प्रत हातात असेल तीच वाढत राहायची. ही सोय रोवेनानं एका ओळीत लिहिली. तिच्यावर टीप म्हणून तिनं लिहिलं होतं, 'रिकाम्या पानापेक्षा जुनं पान बरं.'

या धंद्यात एकट्यानं लिहिलेलं काही पुढे जात नाही. दुसऱ्यानं वाचून 'चालेल' म्हणावं लागतं. तिएन नावाचा तिचा सहकारी होता, हुशार, शांत माणूस, दोन पोरींचा बाप. त्यानं ती ओळ वाचली आणि खाली लिहिलं, 'मस्त.' मग चाचणी घेतली. खोटे तीन लाख पाहुणे पाठवले, पान टिकलं. मग रोवेनानं मुद्दाम मागचा सर्व्हर बंद पाडला. तरी पान उघडतंच होतं! नऊच्या नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या, हेलेनानं खालून लॅमिंग्टन केकचा आख्खा ट्रे मागवला.

आता मला सांगा, नऊ शहाणी माणसं, आयुष्य या कामात घातलेली. केक खाता खाता एकाच्या तरी तोंडून निघावं की नाही, की अहो, मागची बाई बेशुद्ध आहे आणि पंगत मजेत जेवतेय, तर तिच्याकडे बघायला जाणार कोण? प्रत शिळी झाली हे खाणाऱ्याला कळणार कसं? नाही निघालं. साइट पडण्याची धास्ती त्यांच्या हाडात इतकी बसली होती की न पडणारी साइट हेच त्यांना सत्य वाटायला लागलं. धोक्याची घंटासुद्धा त्यांनी त्यालाच बांधली: पान उघडलं नाही तरच वाजायचं. पानावरचं खरं आहे का, हे विचारायचं काम कोणाकडेच नव्हतं.

तो फेब्रुवारीतला, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातला मंगळवार. दुपारी पारा त्रेचाळीसवर, वारा उत्तरेचा, आणि संध्याकाळकडे तो दक्षिणेला फिरणार असा अंदाज. वारा फिरतो तेव्हाच आग खरी पिसाळते, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दीड वाजता कॅलन्स क्रीकच्या पलीकडच्या डोंगरात आग लागल्याची बातमी आली. सगळी कंपनी पडद्यांसमोर बसलेली, डोळ्यांत तेल घालून. रोवेनाचा एक डोळा आलेखांवर आणि एक डोळा नकाशावरच्या त्या एका ठिपक्यावर होता. ठिपका पिवळा होता.

दोन वीसला मर्व्हचा फोन आला.

"रो, वास येतोय गं."

"डॅड, दीडशे किलोमीटरवरनं धूर येतोय आज. सगळ्या राज्याला वास येतोय."

"हा तसला नाही. हा आपल्या डोंगरातला आहे. झाडाचा तेलकट वास आहे याला."

"पान काय म्हणतंय?"

"पिवळं म्हणतंय. तुझ्या पानाला काय जातंय म्हणायला!"

"मग झालं तर. नियंत्रण कक्षाला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. आत्ता रस्त्यावर धूर आहे, त्यात निघालास तर मागच्यासारखं होईल. पंप लाव, पत्र्यावर पाणी मार, आणि पान बघत राहा. रंग बदलला की सुसाट निघ."

पलीकडे वारा घोंगावत होता. मागे मॅडम भुंकत होती.

"तुझं पान पडणार तर नाही ना मागच्यासारखं?"

"आता नाही पडत ते. जीव ओतलाय मी त्यात."

"बरं बाई. शब्द दिलाय म्हणून थांबतो. नाहीतर एव्हाना तुझ्या दारात हॉर्न वाजवत असतो."

ती हसली. म्हणाली, "कळलं, कळलं. ठेव आता, मला कामं आहेत." हे तिचे त्याच्याशी शेवटचे शब्द.

दोन अडतीसला मागचा सर्व्हर पडला. आगीचा नकाशा एवढा मोठा झाला होता की तो त्याच्या डोक्यात मावेना. पडला, आपोआप पुन्हा उठला, तोच नकाशा वाचायला घेतला, पुन्हा पडला. असा तो पडत-उठत राहिला, आणि कोणाला पत्ता नाही. घंटा वाजली नाही, कारण पान उघडत होतं. पावणेतीनला दरीतला मोबाईलचा टॉवर जळाला. दोन बावन्नला नियंत्रण कक्षानं कॅलन्स क्रीक लाल केलं. तिकडच्या माणसानं बटण दाबलं, त्याच्या पडद्यावर लाल दिसलं, तो पुढच्या गावाकडे वळला. लोकांच्या हातातलं पान पिवळंच राहिलं.

ऑफिसात तर दिवाळीच होती. हो, दिवाळीच म्हणतो, तिथल्या माणसांना राग आला तरी. मिनिटाला साठ हजार माणसं येत होती आणि आलेखाची रेघ कशी टेबलासारखी सपाट. हेलेनानं सगळ्यांना बर्फाच्या कांड्या वाटल्या.

"रो, पोरी, टिकलं गं तुझं! नगर परिषदेच्या त्या टकल्याला मी आज फोन करून विचारणार आहे, काय साहेब, बघितलंत का पान?"

"नजर लावू नकोस," तिएन म्हणाला. "संध्याकाळपर्यंत टिकू दे."

"टिकेल रे. मागचं यंत्र जळून गेलं तरी टिकेल."

रोवेनानं कांडी तोंडात धरून नकाशा पुन्हा उघडला. कॅलन्स क्रीक पिवळं. तिला बरं वाटलं. त्या तासाभरात तिनं तो ठिपका वीसेक वेळा तरी बघितला असेल आणि दर वेळी तिला बरं वाटलं. तिनं बापाला दोनदा फोनही लावला. लागला नाही, तर म्हणाली, दरीत रेंज नसतेच कधी धड. त्याच्या छतावर इंटरनेटसाठी उपग्रहाची थाळी आहे, जनरेटर आहे, पान त्याला दिसतंय, मग काळजी कसली?

तीन चाळीसला ती पाण्याची बाटली आणायला खाली बेकरीत गेली. काउंटरमागे रेडिओ चालू होता. निवेदक गावांची नावं वाचत होता: "...आणि कॅलन्स क्रीक. तुम्ही अजून तिथं असाल तर आता निघू नका. निघायची वेळ गेलेली आहे. घरातच आसरा घ्या."

बेकरीवाली म्हणाली, "तुझे डॅड तिकडेच ना गं?"

आणि रोवेना काय म्हणाली माहीत आहे? ती म्हणाली, "रेडिओ चुकलाय. पान पिवळं आहे." तिनं खिशातनं फोन काढून त्या बाईला दाखवलंसुद्धा. बघ, पिवळं. आणि दाखवता दाखवता तिची नजर नकाशावरच्या आगीच्या आकृतीवर गेली. अर्ध्या तासापूर्वी बघितलेली आकृती, तसूभरही न हललेली. अशा वाऱ्यात आग अर्धा तास एका जागी बसत नाही. ती बाटली तिथंच टाकून पळाली. जिना ती कशी चढली ते तिला आजही आठवत नाही.

"मागचा सर्व्हर बघ! तिएन, मागचा बघ!"

तिएननं बघितलं. तो तासाभरापासून पडत-उठत होता. दुरुस्ती तीन मिनिटांची होती. नकाशा बारीक केला, सर्व्हर उठला, तीन सत्तेचाळीसला चाळीसच्या चाळीस पुढच्या सर्व्हरांवर कॅलन्स क्रीक लाल झालं. रोवेना तोवर फोन लावत होती. लावत होती, तोडत होती, पुन्हा लावत होती. मेसेज टाकला, 'डॅड निघ', आणि लगेच दुसरा, 'निघू नकोस, आत राहा'. दोन्हींपैकी एकही पोचला नाही.

मर्व्ह दुसऱ्या दिवशी सापडला, न्हाणीघरात, ओल्या घोंगडीखाली. मॅडम त्याच्या कुशीत होती. दरीतली बाकी सत्तावीस माणसं वाचली. कोणी रेडिओ ऐकला, कोणी धूर बघितला, कोणाला शेजाऱ्यानं ओढून नेलं. गेला तो एकटा, जो नेमून दिल्याप्रमाणे वागला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा-सँडविच चालू होतं तेव्हा शार्लीन तिच्याजवळ आली. शार्लीन म्हणजे मर्व्हच्या अलीकडच्या घरातली, घोडी पाळणारी थोराड बाई. तिनं रोवेनाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मी गेले होते गं त्याच्या फाटकाशी. तीनच्या सुमारास. म्हटलं, मर्व्ह, चल, माझ्या गाडीत जागा आहे. तो पाइप घेऊन पत्र्यावर पाणी मारत होता. खिशातनं फोन काढून मला दाखवला. म्हणाला, अजून पिवळं आहे, तू हो पुढे. मी म्हटलं, अरे नाकाला काय झालं तुझ्या? तर म्हणतो, नाकाला पोरीनं सुट्टी दिलीय."

रोवेनानं हात सोडवून घेतला.

"घाबरलेला नव्हता गं तो, खरंच. तुला कळावं म्हणून सांगतेय. म्हणाला, हे माझ्या पोरीनं बांधलंय, आज अख्खा जिल्हा बघतोय आणि पडत नाहीये. छाती अशी फुगली होती बघ."

शार्लीननं ते दिलासा म्हणून सांगितलं. भली बाई. तिला वाटलं असेल, बापाचं शेवटचं कौतुक ऐकून लेकीला चार घास गोड लागतील.

अकरा दिवसांनी बैठक ठरली. या धंद्यातली ही रीत आहे: काही मोठं बिघडलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं, मिनिटामिनिटाचा हिशेब भिंतीवर मांडायचा, कारण शोधायचं, आणि कोणालाही दोष द्यायचा नाही. अहवालात नावसुद्धा येत नाही, 'एका अभियंत्याने' असंच लिहितात. ही रीत या कंपनीत आणली कोणी? रोवेनानंच. पाच वर्षांपूर्वी तिएन नवा असताना त्यानं संगणकाला दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं एका नगर परिषदेची सगळी नोंदवही पुसून टाकली होती आणि राजीनामा लिहून आणला होता. रोवेनानं तो टराटरा फाडला. म्हणाली, एका माणसाच्या एका चुकीनं सगळं जात असेल तर दोष बांधणीचा, माणसाचा नाही. तिएन त्या दिवशी रडला होता. तेव्हापासून हा नियम, आणि नियम चांगलाच होता. त्याच्या जोरावर माणसं खरं बोलायला लागली, चुका लपवेनाशी झाली.

हेलेनानं तिला घरी थांबायला सांगितलं होतं. ती आली. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर अजून जळक्या लाकडाचा वास होता. टेबलावर कोणीतरी चहाची किटली आणि रुमालांचा खोका ठेवला होता.

हेलेनानं सुरुवातीचा मजकूर वाचला, नेहमी वाचतात तो. "आपण हे मानून चालतो की त्या वेळी ज्याला जे माहीत होतं, त्यानुसार प्रत्येकानं शक्य तेवढं चांगलंच काम केलं." मग भिंतीवर एकेक ओळ चढायला लागली. दोन अडतीस, मागचा सर्व्हर बंद. दोन बावन्न, रंग बदलला. पुढच्या सर्व्हरांनी जुनी प्रत दाखवणं चालू ठेवलं. एका अभियंत्याने केलेल्या तरतुदीनुसार.

"नाव लिही," रोवेना म्हणाली.

"रो..."

"रोवेना पास्को असं लिही. एका अभियंत्याने नाही."

"आपण तसं लिहीत नाही, तुला माहीत आहे. तूच तर..."

"मीच आणला नियम, मीच मोडते. लिही."

"ती ओळ मी वाचली होती," तिएन म्हणाला. "मी 'मस्त' लिहिलं होतं तिच्याखाली. मग माझंही लिहा."

"आणि चाचणी मी पास केली," दुसरा कोणी म्हणाला. "घंटा मी बसवली होती," तिसरी म्हणाली. बघता बघता उरलेले आठही जण आपापला वाटा मागायला लागले. प्रत्येकाला वाटत होतं आपण तिचं ओझं हलकं करतोय. आणि रोवेनाच्या हातातलं ते एकुलतं एक, तिचं स्वतःचं म्हणावं असं जे उरलं होतं, ते तुकडे तुकडे होऊन टेबलभर वाटलं जात होतं.

ती ओरडली. "अरे, कोणीतरी शिव्या द्या रे मला! एकानं तरी म्हणा, बये, तू तुझ्या बापाला मारलंस! बांधणीचा दोष, बांधणीचा दोष. बांधणीला फोन आला होता का त्याचा? त्यानं सांगितलं होतं मला, हा आपल्या डोंगरातला वास आहे. मी म्हटलं, पान बघ."

हेलेना उठून तिच्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला. "कोणी म्हणणार नाही, रो. कारण ते खरं नाही."

इतक्या मायेनं म्हणाली ती, की रोवेनाला तो हात झटकतासुद्धा आला नाही. ती खाली बसली.

बैठक पुढे सरकली, कारण बैठका सरकतात. काय चांगलं झालं, या मथळ्याखाली पहिलीच ओळ आधीपासून भरलेली होती: 'पान पूर्ण वेळ शंभर टक्के उपलब्ध राहिले.' हेलेना घाईघाईनं पुसायला गेली. रोवेना म्हणाली, "राहू दे." काय सुधारायचं, या मथळ्याखाली ठरलं की पानावर ते कधीचं आहे ती वेळ ठळक दाखवायची, आणि प्रत पाच मिनिटांहून जुनी झाली की घंटा वाजवायची. दोन ओळींचं काम. वरातीमागून घोडं, पण घोड्याशिवाय अहवाल पुरा होत नाही.

मग एकच रकाना उरला. जुनी प्रत नेमकी किती जणांना मिळाली? तिएननं पुढच्या सर्व्हरांच्या नोंदी पडद्यावर काढल्या. कोणत्या जोडणीवरून पान कधी मागितलं गेलं, याच्या लाखो ओळी. त्यानं फक्त कॅलन्स क्रीकच्या जोडण्या गाळून घेतल्या. त्या वेळात दरीतून फक्त एकाच जोडणीवरून विचारणा होत होती, उपग्रहाच्या थाळीची. तिएनला कळलं तसा त्याचा हात पडदा बंद करायला गेला.

"थांब," रोवेना म्हणाली. "खाली घे."

दोन एक्केचाळीसला पहिली नोंद. मग दोन एकोणपन्नास. मग तीन वाजून दोन मिनिटं. तेव्हा शार्लीन फाटकाशी असेल. तीन वाजून दहानंतर दर दोन मिनिटांनी. तीन वीसनंतर दर अर्ध्या मिनिटाला. शेवटी शेवटी तर दोन-दोन सेकंदांनी, एकाखाली एक, म्हातारा नुसता बोटानं पडदा ओढत बसला असेल. शेवटची नोंद तीन छत्तीसची. प्रत्येक ओळीपुढे दोनशे हा आकडा होता. या धंद्यात दोनशे म्हणजे सगळं ठीक, मागितलं ते दिलं. एकाही विचारणेला डोळ्याची पापणी लवण्याइतकासुद्धा उशीर झाला नव्हता.

रोवेना उठून भिंतीजवळ गेली आणि बोट ठेवून एकेक ओळ मोजायला लागली. कोणी तिला थांबवलं नाही. बराच वेळ गेला.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, कामाच्या वेळी असतो तसा. "निघू का गं, असं त्यानं मला त्रेसष्ट वेळा विचारलं. मी त्रेसष्ट वेळा सांगितलं, थांब."

हेलेनानं डोळे पुसले, कळफलक पुढे ओढला आणि रीतीप्रमाणे रकाना भरला: 'एका रहिवाशाला जुनी प्रत ६३ वेळा मिळाली.'